गळीत हंगामात ट्रकचालकाचा हिशेब खेपेवर असावा की दिवसावर?

धागाकर्ता (केज) :
दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटले की, एरवी बाजार समितीचा माल वाहणारे आमच्याकडचे चालक चार-पाच महिन्यांसाठी उसाच्या गाडीवर जातात, आणि त्यांपैकी पुष्कळांना पैसे खेपेवर मिळतात. फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या शेतात, भरलेली गाडी वजनकाट्यावरून कारखान्याच्या गव्हाणीत (ऊस गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर) रिकामी झाली म्हणजे एक खेप. मध्ये गाळप बंद पडून यार्डात अठरा तास नंबर लागला नाही, तरी त्या तासांचे काहीच मिळत नाही. मी स्वतः दोन हंगाम उसाची गाडी चालवली आहे. रांगेत झोपावे तर थोड्या थोड्या वेळाने गाडी पुढे घ्यावी लागते, आणि बुडालेली खेप भरून काढायला पुन्हा रात्रीच फड गाठावा लागतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. माझ्या मते चालकाला दिवसाचा पगार ठरवावा आणि खेपेचा भत्ता त्यावर द्यावा.

गाडीमालक (माजलगाव) :
दमछाक खरी आहे, पण मला बिल मिळते ते टनावर आणि अंतराच्या टप्प्यावर, तासांवर नव्हे. कारखान्याकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) तोडणी मजूर आणणाऱ्या मुकादमाकडे गेलेली असते; मजुरांची टोळी जानेवारीत रातोरात निघून गेली, तर ती रक्कम माझ्याच नावावर उरते आणि गाडीचा हप्ताही थांबत नाही. एका हंगामात मी महिन्याच्या पगारावर चालक ठेवून पाहिला, तेव्हा खेपा निम्म्यावर आल्या. शिवाय आपण सांगता तो कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायासाठी होता. माझी तर एकच गाडी आहे.

धागाकर्ता :
१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तेच तास परिवहन वाहनाच्या प्रत्येक चालकाला लावले, तेथे गाड्यांची संख्या विचारलेली नाही. उचल बुडण्याची आपली भीती मला मान्य आहे, परंतु ती जोखीम चालकाच्या झोपेतून वसूल करणे मान्य नाही.

ऊस उत्पादक (अंबाजोगाई) :
आपण दोघे ज्या पैशावर भांडता तो माझा आहे, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या एफआरपीतून (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) कापला जातो. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा असे शेतकी खातेच आम्हाला सांगते. यार्डात तो वाळतो आणि काट्यावर जे वजन घटते, तेही माझेच. गव्हाण रिकामी राहू नये म्हणून गाळपापेक्षा जास्त ऊस तोडायला लावणारा कारखाना मात्र या हिशेबात कोठेच नाही. वजनाच्या पावतीवर गाडी यार्डात आल्याची वेळ छापावी आणि ठरावीक तासांपुढचे थांबणे कारखान्याने भरावे.

गाडीमालक :
वेळ छापण्यास माझी हरकत नाही, उलट ती मलाही हवी आहे. पण थांबण्याचे पैसे कारखान्याने वाहतूक खर्चातच धरले, तर ते पुन्हा आपल्याच बिलातून जातील. ते कापता येणार नाहीत अशी अट आधी लिहून घ्यावी लागेल.