मदत हवी आहे: फिनिशमधल्या ‘ओ’वरून उसन्या शब्दाचा काळ ठरवता येतो का?

इंडो-इराणीतून (संस्कृत आणि अवेस्ताची पूर्वज भाषा) युरालिक भाषांत (फिनिश, एर्झ्या, उदमुर्त यांचं कुळ) गेलेल्या शब्दांचे काळानुसार थर लावतोय. फिनिश ‘सता’ (शंभर) फारसा त्रास देत नाही: एर्झ्यात ‘श्यादो’, तालव्य श शाबूत, म्हणजे अवेस्तासारखा (जुनी इराणी भाषा) स असलेलं रूप मूळ नव्हे. (फिनिशमध्ये श आणि स एकच झालेत, तिथे शोधून उपयोग नाही.)

अडतंय ‘ओ’पाशी. ‘पोर्सास’मधला (डुकराचं पिल्लू) ओ पाहून तो शब्द इंडो-इराणीत ओचा अ होण्याआधीचा, म्हणजे सिंताश्ता संस्कृतीच्याही (उरल पर्वताच्या दक्षिणेकडची, इंडो-इराणी भाषकांशी जोडली जाणारी; इ.स.पू. २१००च्या सुमारास) आधीचा मानतात. पण ‘ओर्या’तही (गुलाम) ओच, आणि तो तर ‘आर्य’शी जोडतात, ज्यात ओ नाही, आ आहे! नुसत्या स्वरावर भिस्त ठेवणं मला पटत नाही.

एर्झ्या ‘उरे’, उदमुर्त ‘वार’ धरून ‘ओर्या’चा मूळ स्वर कसा बसवता? व्यंजनांची एखादी कसोटी कुणी लावून पाहिली आहे का?