मदत हवी आहे: भारत-चीन शिक्षणाचे २१०० पर्यंतचे अंदाज, कायदा आला तरी रेघ हलत का नाही?

नमस्कार मंडळी,

एक तुलना करायला घेतलीये आणि पुरता अडकलोय. व्हिएन्नाच्या विटगेनश्टाइन सेंटरचा डेटा आहे ना, ज्यात प्रत्येक देशाची लोकसंख्या वय, लिंग आणि शिक्षण अशी फोडून २१०० पर्यंत दर पाच वर्षांनी दिलेली असते, तिथून भारत आणि चीन दोन्ही उतरवून घेतले. सिनॅरिओ एसएसपी२, म्हणजे मधला, फार आशावादीही नाही आणि फार रडकाही नाही. २५+ लोकांची शाळेची सरासरी वर्षं घेतली, एक्सेलमध्ये दोन रेघा मारल्या, इथपर्यंत मजेत.

मग घोळ सुरू. भारतात शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, म्हणून मला वाटलं त्यानंतर रेघ जरा तरी उचलेल, तर कुठे काय, आधी चढत होती तशीच चढतेय. वर चीनच्या २०२० च्या जनगणनेत सरासरी ९.९१ वर्षं आहे आणि माझा आकडा त्याच्याखाली. आणि मित्राकडून घेतलेली जुनी फाइल आणि माझी नवी फाइल २०२० लाच एकमेकींशी जुळत नाहीत, पुढच्या ८० वर्षांचं तर सोडाच. मी काही चुकीचं उतरवलंय का?

तिरकीरेघ: उतरवलंय बरोबर, वाचताय चुकीचं :) ९.९१ हा १५+ चा आकडा आहे, तुमचा २५+ चा. चीनमध्ये १५ ते २४ वाले आजी-आजोबांपेक्षा कितीतरी जास्त शिकलेत, त्यांना गाळलं की सरासरी खाली येणारच. जुन्या फाइलचं पण सोपं आहे, पहिल्या आवृत्तीचा पाया २०१० चा होता, नंतर २०१५, मग २०२०. म्हणजे मित्राच्या फाइलमधलं २०२० हाच मुळात अंदाज आहे. दोन आवृत्त्या एका चार्टवर अजिबात टाकू नका.

खडूफळा: वळण न दिसण्याचं कारण वयात आहे. २०१० ला पहिलीत गेलेलं पोर साधारण २००४ चं, ते २५ चं होणार २०२९ ला. तोपर्यंत ते तुमच्या चार्टात नाहीच! आणि आलं तरी एकटं येत नाही, त्याच्यावर २६ पासून ९५ पर्यंतचे सगळे बसलेत, ज्यांचं शिक्षण कधीच संपलं. म्हणून ही रेघ इतकी जड असते. चीनचा नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९८६ चा, तिथली तशी मुलं १९८० ची, ती २००५ च्या आसपासच २५+ मध्ये आली. २४ वर्षांचा फरक तर इथेच निघाला, आणि तुम्ही दोघांना एकाच सालात उभं करून विचारताय कोण पुढे. आडव्या अक्षावर साल टाकू नका, जन्मवर्ष टाका. पाच-पाच वर्षांचे वयोगट आहेतच, २०३० चा २५-२९ गट म्हणजे २००० ते २००५ ला जन्मलेले, असं मागे मोजत जा.

तिरकीरेघ: बारीक दुरुस्ती, भारताचा कायदा ६ ते १४ वयाच्या सगळ्यांना होता म्हणजे १९९६ चं पोरही शेवटी शेवटी त्यात सापडतं. त्यामुळे धारदार वळण तिथेही शोधू नका. आणि हे मॉडेल कायदे वाचत नाही, मागचा कल बघून पुढे ओढतं.

धागाकर्ता: अरे देवा, हे डोक्यातच आलं नव्हतं. जन्मवर्षावर टाकून बघितलं, आता निदान काय चाललंय ते कळतंय. अजून एक, 'निम्न माध्यमिक पूर्ण' असलेल्यांची टक्केवारी दोन्ही देशांची शेजारी शेजारी ठेवली तर चालेल ना? वर्गवारी एकच आहे म्हणून विचारतोय.

खडूफळा: चालेल पण खाली टीप लिहा. युनेस्कोच्या वर्गवारीत भारताचं निम्न माध्यमिक आठवीला संपतं आणि ९ वी ते १२ वी सगळं उच्च माध्यमिक. चीनमध्ये प्राथमिक सहा आणि पुढचं तीन, म्हणजे नववीला. नाव एक, वर्षं ८ आणि ९. इथेच बरेच जण आपटतात, त्यात आपल्या डोक्यात माध्यमिक म्हणजे दहावी बसलेलं असतं, आणि दहावी पास माणूस त्यांच्या हिशोबात उच्च माध्यमिक *अर्धवट* सोडलेला.

तिरकीरेघ: वेळ असेल तर जुन्या आवृत्तीत सीईआर नावाचा सिनॅरिओ आहे तो पण काढा, त्यात शाळेत जाण्याचं प्रमाण आहे तिथेच गोठवलेलं असतं. तरीही सरासरी काही वर्षं चढतेच, कारण कमी शिकलेली म्हातारी पिढी वरून गळत जाते. त्याच आवृत्तीच्या एसएसपी२ मधून ते वजा केलं की नव्या मुलांच्या जास्त शिकण्यामुळे किती चढलं ते वेगळं हाताला लागतं. दोन्ही देशांसाठी करा, माझ्या मते खरी तुलना तीच.

धागाकर्ता: आज रात्री बसतो. मित्राची फाइल कामाला आली म्हणायची.