वेताळ टेकडी 'बोडकी' नाही, खड्डे खणण्याआधी ऐका

माळरान: परवा इथे एकांनी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या वृक्षारोपणाचे फोटो टाकले. खाली लिहिलं, "टेकडी बोडकी होती, आम्ही हिरवी करतोय. नुसतं फिरायला येणाऱ्यांनी लाज बाळगावी." डोकं फिरलं वाचून. उन्हाळ्यात पिवळं पडलेलं गवत म्हणजे मेलेली जमीन नव्हे हो! पाऊस सुरू झाला की त्याच मुरमातून तेरडा, सोनकी, कवला वर येतात. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, आणि तुम्ही कुदळ मारता ती नेमकी तिथेच. भराभर वाढतं म्हणून वनखात्यानं मागे गिरिपुष्प लावलं. मध्य अमेरिकेतलं झाड ते. आज हनुमान टेकडी घ्या नाहीतर तळजाई, जिकडेतिकडे त्याचीच दाटी. टेकडीसाठी राबायचंच असेल तर उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायला या, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून केलेले पट्टे, बाटल्या-पिशव्या वेचा. माथ्यावरचं गवत तेवढं सोडा.

पाणक्या: तो फोटो माझाच. आम्ही गिरिपुष्प लावत नाही. मोई, गणेर, मेडशिंगी, पांगारा लावतो, सगळी इथलीच झाडं. एप्रिलच्या उन्हात दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढतो आणि प्रत्येक आळ्यात पाणी घालतो. माझे वडील गुडघे दुखत असूनही येतात. गवताचं शास्त्र सांगणारं एकही माणूस त्या वेळी वर दिसत नाही. राग त्याचा आहे.

सुमनताई: टिटवीच्या अंड्यांचा एवढा कळवळा आहे ना, मग बिस्किटांवर बोला! रोज सकाळी पिशव्या भरभरून बिस्किटं टाकणारे आहेत. त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. लांडोर पिल्लं घेऊन झुडपातून निघाली होती आणि चार कुत्री तिच्यावर धावली, माझ्या डोळ्यांदेखत. एक पिल्लू गेलंच. कुदळीनं कुणाचा जीव घेतलेला मी तरी पाहिला नाही.

भूतदया: ताई, ती मुकी जनावरं उपाशी मारायची का? नसबंदी करून कुत्रं होतं तिथेच परत सोडायचं, हा २०२३ च्या नियमांतला कायदा आहे. मी स्वतःच्या पैशानं कुत्री पकडवून नसबंदी करून घेतली आहे. तुम्ही काय केलंत?

सुमनताई: नसबंदी केलीत, चांगलं केलंत. पण नसबंदी झालेलं कुत्रं लांडोरीमागे धावायचं थांबतं का? खायला पायथ्याशी, वस्तीत घाला. वर कशाला?

भूतदया: वस्तीत घातलं की सोसायटीवाले अंगावर येतात, म्हणून वर! आणि मोरांसाठी ज्वारी टाकणाऱ्या आजोबांना कुणी काही बोलत नाही. त्या दाण्यांवर उंदीर आणि पारवे वाढतात ते चालतं?

सुमनताई: नाही चालत. त्यांनाही सांगितलंय, तोंडावर.

पौडफाटा: कुत्री, दाणे, खड्डे! टेकडीवरून नेऊ घातलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये याच टेकडीसाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती. आपण इथे एकमेकांची उणीदुणी काढत बसलो, तर टेकडी फोडणाऱ्यांना रान मोकळं. आराखड्यावर हरकत नोंदवणं हीसुद्धा टेकडीची देखभालच आहे आणि तिला कॅन लागत नाहीत.

पाणक्या: त्या मोर्चात आम्हीही होतो, ते शिकवू नका. माळरान, तुमचा एक मुद्दा धरतो, मनाविरुद्ध का होईना. यंदा माथ्यावरच्या गवतात खणणार नाही. उतारावर जुने समतल चर आहेत, पाणी अडवायला आडवे खणलेले, त्यांच्याच कडेला लावू. तिथे पाणी मुरतं, रोपं जगायची शक्यताही जास्त. पण 'लाज बाळगावी' हे शब्द मागे घेणार नाही. मे महिन्यात टेकडी रिकामी असते, हे खरंच आहे.

माळरान: शब्द ठेवा तुमच्याकडे. चरांच्या कडेला लावणार असाल तर माझी हरकत नाही. मेमध्ये कॅन घेऊन येईन. जाळरेषेला मात्र फेब्रुवारीत तुमची माणसं हवीत, गवत वाळल्यावर वणव्याला एक विडी पुरते.

पाणक्या: फेब्रुवारीत रविवारी सकाळी सहाला येऊ. वनरक्षकाला आधी विचारून ठेवा, मागच्या वेळी परवानगी नाही म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं.

सुमनताई: आणि बिस्किटांचं? त्यावर कुणीच बोललं नाही अजून.

भूतदया: पायथ्याची एखादी जागा सोसायटीवाल्यांकडून मिळवून द्या, मी उद्यापासून वर टाकणं बंद करते. तोवर नाही.