मदत हवी आहे: साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं, फॅन उशिरा लागतो

मंडळी, बाईक २५० सीसी, सिंगल सिलिंडर, लिक्विड-कूल्ड. अंधेरी-कुर्ला रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटं रखडलं की टेम्परेचरच्या काड्या भराभर चढतात. वेस्टर्न एक्स्प्रेसवर ५०-६० च्या स्पीडला आलं की दोन मिनिटांत खाली. म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि वॉटर पंप बहुतेक ठीक. वारा मिळाला की भागतंय.

काय काय झालं: थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून जुनं कूलंट काढलं, ५०:५० नवीन भरलं, गाडी दोन्ही बाजूंना झुकवून हवा काढली. रेडिएटरच्या फिन्समधला (पातळ पत्र्यांमधला) चिखल साध्या पाइपने धुतला (वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने फिन्स आडव्या होतात). फ्यूज शाबूत. फॅनला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट दिले की गरगर फिरतो.

पण एरवी वॉर्निंग लाइट पेटल्यावरच लागतो. आणि गोम पुढे आहे: फॅन चालू असताना रेडिएटरसमोर कागदाचा कपटा धरला, तर तो जाळीला चिकटत नाही, उलट पुढच्या चाकाकडे उडतो! फॅनचा कनेक्टर पूर्वी बदललाय. वायरी उलट लागल्या असतील, की काही गाड्यांत फॅन मुळातच हवा पुढे फेकतो?

दुसरं, उशिरा लागण्यात दोष रिलेचा (फॅनला करंट देणारा स्विच) की कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा, हे कसं ओळखायचं? सेन्सर पातेल्यात, थर्मामीटर लावून तापवत मल्टिमीटरने मोजायची तयारी आहे. ९०-९५ अंशांना साधारण किती ओहम यायला हवेत?