जुन्या घरातली भांडी कृष्णधवल टिपायचीत, सल्ला हवा

कौलारू: नमस्कार. खानापूर तालुक्यातलं आमचं घर दिवाळीनंतर उतरवणार आहेत. आईच्या स्वयंपाकघरातली विळी, सूप, पितळी डबे, तांब्याचा बंब, सगळं आहे त्या जागीच टिपून ठेवायचंय. साधा डीएसएलआर, ५० एमएम लेन्स आणि ट्रायपॉड आहे. फ्लॅश घ्यावा काय? भांडी आधी घासून घेऊ काय? मोनोक्रोम कॅमेऱ्यातच लावू की नंतर करू?

निपाणीकर: फ्लॅश नको. मोनोक्रोम लावा, पण फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, ठेवा. पडद्यावर करडं दिसतं, रंग फाइलीत शाबूत राहतात. ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ ८, दोन सेकंदांचा टायमर.

उंबरठा: छपरात एखादं काचेचं कौल असेल तर फ्लॅशचे पैसे वाचलेच बघा. त्यातून उन्हाचा पट्टा उतरतो, त्यात सूप असं उभं करा की ऊन त्याला तिरपं घासून जाईल. बांबूच्या एकेक पट्टीची कड उठून येते, काठाची वेताची बांधणी दिसते, शेणानं सारवलेल्या जागी बोटं फिरल्याच्या रेघासुद्धा.

पितळेला मात्र ते ऊन सोसत नाही, नुसते पांढरे डाग पडतात. डबे ढगाळ दिवशी परसदाराशी घ्या. बाजूला काळं घोंगडं धरलं की त्याचं प्रतिबिंब कडेवर काळ्या रेघेसारखं येतं आणि डब्याची गोलाई कळते. चिंच लावून घासू नका हो! पोचे, झाकणावर कोरलेलं नाव, कल्हई उडालेली जागा, रंग काढल्यावर हेच तर बघायला उरतं.

बंबासाठी रॉ फाइल कृष्णधवल एडिट करताना नारिंगी रंगाचा स्लायडर वर न्या. तांबं उजळतं, मागची काजळलेली भिंत काळीच राहते.

आणि फ्रेममध्ये गर्दी नको. आंद्रे केर्तेझ या छायाचित्रकारानं १९२८ साली ताटलीच्या काठावर टेकवलेला नुसता काटा टिपला. काटा, ताटली, दोघांची सावली, एवढंच. विळीही तशीच एकटी घ्या, खाली उतरून, तिच्या दातऱ्याच्या उंचीवरून.

कौलारू: मनापासून आभार. काचेची दोन कौलं आहेत, एक अगदी चुलीवरच. विळीबरोबर आईचा हात घेतला तर चालेल काय? ती अजून तिच्यावरच खोबरं खवते.

उंबरठा: चालेल म्हणजे? आधी तेच घ्या! पण त्यांना थांबायला सांगू नका, खवू देत. हात हलता असल्यानं ट्रायपॉडचे आकडे तिथं चालणार नाहीत, शटर १/१२५ सेकंद ठेवा आणि आयएसओ लागेल तेवढा वाढवा. त्यानं फोटोत दाणेदार ठिपके आले तरी कृष्णधवलात खपतात.