मदत हवी आहे: येमेनी लोकांना ‘श्वेतवर्णीय’च लिहायचं का?

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी हॅमट्रॅमिकवर लेख लिहितेय. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हे छोटं शहर डेट्रॉइटने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेलं आहे. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या २८,४३३. शंभर वर्षांपूर्वी मोटारींच्या कारखान्यात कामाला आलेल्या पोलिश लोकांनी हे गाव भरलं होतं; आज इथे येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं खूप आहेत. कोनांट रस्त्यावर बंगाली पाट्या, दुकानात इलिश मासा, आणि जरा पुढे गेलं की पोलिश बेकरीत जॅम भरलेले पाँचकी. मला हे गाव फार आवडतं, म्हणून चुकीचं काही छापून येऊ नये असं मनापासून वाटतं.

अडचण अशी: जनगणनेच्या तक्त्यात बांगलादेशी लोक ‘आशियाई’मध्ये दिसतात, पण येमेनी ‘श्वेतवर्णीय’मध्ये. कारण तिथल्या व्याख्येत मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेचे लोक श्वेतवर्णीयच धरले होते. २०२४मध्ये सरकारने त्यांच्यासाठी वेगळा गट मान्य केला, पण २०२०चे आकडे जुन्याच पद्धतीचे. नुसता तक्ता छापला तर वाचकाला वाटेल, निम्मं गाव अजून पोलिशच आहे!

लोकांनी स्वतः लिहिलेल्या मूळ देशानुसार शहराचे आकडे नेमक्या कुठल्या तक्त्यात मिळतात? कुणी वापरलेत का? आणि ‘रेस’ला ‘वंश’ म्हटलं, तर ‘एथ्निसिटी’ला काय म्हणायचं? ‘वांशिकता’ वाचून सगळा घोळच होतो. अंक पुढच्या आठवड्यात छपाईला जातोय, लवकर सांगाल का?