कलर प्रीसेटची एक्सएमएल फाईल फोन घेतच नाहीये, मदत हवी आहे

भाऊ लोकहो, स्नॅपड्रॅगनवाला फोन आहे, मॅजिस्क ॲपनं रूट केलेला (म्हणजे सिस्टीमच्या फाईली बदलता येतात). नागपुरात बर्डीवर डिस्प्ले बदलून घेतला तेव्हापासून पांढरं सगळं निळसर दिसते अन् सेटिंगमध्ये नॅचरल, व्हिव्हिड काहीही निवडलं तरी ढिम्म फरक नाही. व्हेंडरच्या ईटीसी फोल्डरमध्ये क्यूडीसीएम कॅलिब डेटाची (स्क्रीनच्या रंगांच्या सेटिंगची) एक्सएमएल आहे पण तिच्या नावात जुनं पॅनल (स्क्रीनचं मॉडेल), आणि कर्नल कमांडलाईनमध्ये (फोन सुरू होताना सिस्टीमला मिळते ती माहिती) आता दुसरंच पॅनल दिसते. म्हणून फाईलची कॉपी करून त्या नव्या पॅनलचं नाव दिलं, मॅजिस्कच्या मॉड्यूलमधून टाकली, परमिशन ०६४४, एसई लिनक्स कॉन्टेक्स्ट (सुरक्षेचं लेबल) बाकीच्या फाईलींसारखाच, रीबूटही केलं. फाईल जागेवर आहे, मोड काही लागत नाही. नाईट लाईट बंदच आहे, ते विचारू नका.

कलरीमीटर (रंग मोजायचं यंत्र) नाही, त्यामुळे डी६५ (पांढऱ्या रंगाचं स्टँडर्ड) मोजून नवीन टेबल बनवणं जमत नाही, परत डिस्प्लेचा खर्चही नको. एसआरजीबी (फोटोंसाठीचे स्टँडर्ड रंग) मोड बरा दिसला तरी पुरे, साड्यांचे फोटो याच फोनवर एडिट करतो.

तर फाईलच्या नावासोबत एक्सएमएलच्या आतही पॅनलचं नाव बदलावं लागते का, आणि ते कमांडलाईनमधलं घ्यायचं की डिव्हाईस ट्रीमधलं (फोनच्या हार्डवेअरची यादी), स्पेसच्या जागी अंडरस्कोर टाकून?